गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडं: ऑनलाइन ऑर्डर स्वतः नेऊन देताना

मी बेळगावातल्या वडगावात राहते. शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यातल्या मागांवर विणलेल्या साड्या आणि आमच्या जाऊबाईंनी घरी केलेले मसाले, चटण्या ऑनलाइन विकते. सुरुवातीच्या दिवसांत टिळकवाडीतल्या एका वैनींनी साडी मागवली. आमच्या दारापासून त्यांचं दार स्कूटरवर दहा-बारा मिनिटांचं. मी नेहमीसारखी कुरिअरनं पाठवली. पार्सल हुबळीला गेलं, तिथं दोन दिवस पडून राहिलं, परत बेळगावात आलं आणि पाचव्या दिवशी त्यांच्या हातात पडलं. वैनी फोनवर म्हणाल्या, "अहो, एवढं होतं तर मीच चालत आले असते की तुमच्याकडं!"

तेव्हापासून शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या ऑर्डरी मी स्वतः नेऊन देते. दिवस वाचतात, कुरिअरचे पैसे वाचतात, गिऱ्हाईक परत येतं. पण पहिल्या वर्षी त्रासही खूप झाला. जवळच तर जायचंय म्हणून आधी फोन केला नाही, पावती केली नाही, पत्ता नीट विचारला नाही. कुरिअरवाला फक्त पार्सल उचलून नेत नाही. तो नोंद ठेवतो, फोन करतो, सही किंवा ओटीपी घेतो. आपण स्वतः निघालो की ही सगळी कामं आपल्या अंगावर येतात. ती कशी करायची ते क्रमानं सांगते.

१. कुठली ऑर्डर हातानं द्यायची ते ठरवा

ऑर्डर व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम किंवा फोनवर थेट तुमच्याकडं आली असेल तर माल कसा पोचवायचा ते तुम्ही आणि गिऱ्हाईक मिळून ठरवू शकता. मोठ्या प्लॅटफॉर्मवरून आलेल्या ऑर्डरीचं तसं नसतं. तिथं ज्या पद्धतीनं डिलिव्हरी ठरली आहे, त्याच पद्धतीनं जावी लागते. ऑर्डर प्लॅटफॉर्मच्या कुरिअरवर असेल आणि तुम्ही ती हातानं देऊन आलात, तर त्यांच्या नोंदीत पार्सल निघालेलंच नसतं. उद्या "माल मिळाला नाही" अशी तक्रार आली की तुमच्याकडं दाखवायला ट्रॅकिंग नाही. पैसे गिऱ्हाइकाला परत जातात, साडीही गेलेली असते.

स्वतः द्यायचंच असेल तर तशी सोय असलेला प्रकार सुरुवातीलाच निवडा. ॲमेझॉनवर 'सेल्फ शिप', म्हणजे माल विक्रेत्यानंच पोचवायचा, असा प्रकार आहे, आणि २०२० साली त्यांनी जवळच्या दुकानदारांसाठी 'लोकल शॉप्स' सुरू केलं. ओएनडीसी, म्हणजे सरकारच्या पुढाकारानं सुरू झालेलं खुलं ऑनलाइन बाजाराचं जाळं, त्याच्या विक्रेता ॲपमध्येही स्वतः डिलिव्हरी करण्याचा पर्याय मिळतो. मात्र तिथं "पाठवलं" आणि "पोचलं" अशी नोंद वेळेत करणं तुमचं काम. रात्री घरी येऊन सगळ्या नोंदी एकदम करू म्हटलं की एखादी राहतेच.

एक मोह मात्र कटाक्षानं टाळा. प्लॅटफॉर्मवरची ऑर्डर रद्द करायला सांगून तोच माल रोखीनं द्यायचा, म्हणजे कमिशन वाचतं, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. हे त्यांच्या नियमांत बसत नाही आणि खातं बंद होऊ शकतं. त्या ऑर्डरीतून मिळालेला पत्ता आणि नंबरही त्या ऑर्डरीपुरताच वापरायचा. दिवाळीच्या शुभेच्छांसोबत नव्या साड्यांचे फोटो त्या नंबरावर पाठवू नका.

२. कागदपत्रं जमवा

- आधार, पॅन, बँकेचं पासबुक. तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते पाहा. आपल्याकडं वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. पुढं सगळे अर्ज तिथंच अडतात.
- उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद. सरकारी संकेतस्थळावर ही फुकट होते. यासाठी पैसे मागणारे एजंट भेटतील, देऊ नका.
- जीएसटी क्रमांक. तो लागत नसेल आणि प्लॅटफॉर्मवर विकायचं असेल तर जीएसटी पोर्टलवरचा नावनोंदणी क्रमांक, म्हणजे एनरोलमेंट नंबर. याबद्दल पुढच्या पायरीत.
- खाण्याचा पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी. त्यांच्या 'फॉस्कॉस' पोर्टलवर अर्ज करायचा, १४ अंकी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. घरच्या स्वयंपाकघरात करतो म्हणून यातून सुटका नाही.
- महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा व्यवसाय परवाना लागतो का, हे आपल्या वॉर्डाच्या कार्यालयात विचारून घ्या.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स. डिजिलॉकरमधलं चालतं.
- दुहेरी पानाचं, कार्बन घालून लिहायचं बिलबुक. स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळतं. फार कामाचं आहे.

पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन नंबर हवा. चटणी शेजारच्या गल्लीत जाणार असली तरी हवाच.

३. वर्तुळ काढू नका, पिनकोड निवडा

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात राहणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. पुण्या-मुंबईच्या लोकांनी केलेल्या मार्गदर्शनात ही अडचण कधी येत नाही, कारण ती त्यांना नसते.

ॲपमध्ये 'किती किलोमीटरपर्यंत डिलिव्हरी देता' असं विचारतात. बेळगावात बसून २० किलोमीटर टाकलं की वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलगा, सुळगा, उचगाव, बाची करत वर्तुळाची कड सीमेला भिडते आणि शिनोळीच्या आसपासची, म्हणजे चंदगड तालुक्यातली गावं आत येतात. ती महाराष्ट्रात. संकेश्वरला बसून तेवढंच वर्तुळ काढलंत तर गडहिंग्लज आत येतं. निपाणीकरांना कागल तालुक्यातली गावं. आपल्या सोयरिकी तिकडं आहेत, बाजार तिकडं आहे, भाषा एकच आहे. उचगावची बहीण आणि शिनोळीची बहीण यांत आपण फरक करत नाही. जीएसटीच्या लेखी मात्र उचगावला दिलेली साडी राज्यातली विक्री आणि शिनोळीला दिलेली साडी आंतरराज्य विक्री.

फरक मोठा आहे. कर्नाटकात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा लहान विक्रेत्यांना नावनोंदणी क्रमांक घेऊन प्लॅटफॉर्मवरही विकता येतं. पण ही मुभा राज्याच्या आतल्या विक्रीपुरती. आंतरराज्य विक्रीला नोंदणी लागते, मग ती एका साडीची का असेना. हस्तकलेच्या काही ठरावीक वस्तूंना सवलत आहे, पण आपली वस्तू त्यात बसते असं परस्पर धरून चालू नका, टॅक्सवाल्याकडून खात्री करून घ्या.

म्हणून किलोमीटरचा पर्याय बंद करून पिनकोडची यादी द्या. आपले पिनकोड ५९ नं सुरू होतात: बेळगाव शहराचे ५९०, खानापूर ५९१३०२, निपाणी ५९१२३७, चिकोडी ५९१२०१. पलीकडं कोल्हापूर जिल्ह्याचे ४१६ नं सुरू होतात. ऑर्डर आली की गावाच्या नावाआधी हे तीन आकडे वाचायची सवय लावून घ्या. मला ही सवय तीन साड्या पलीकडं पोचवल्यानंतर लागली. आमच्या टॅक्सवाल्यानं वही बघून विचारलं, "अक्का, ह्या कुठं दिल्या?" तेव्हा कळलं. पुढं मी जीएसटी क्रमांक घेतला आणि आता दोन्हीकडं देते. तुम्ही घ्यायचा की नाही ते पलीकडची ऑर्डर किती येते त्यावर ठरवा. महिन्याला एखादीच असेल तर रिटर्न भरण्याचा व्याप परवडत नाही.

४. आधी विचारा, मग जा

नव्या विक्रेत्याची सगळ्यात मोठी चूक इथं होते आणि ती चांगल्या मनानं होते. ऑर्डर आली, पत्ता जवळचा दिसला, गिऱ्हाइकाला लवकर मिळेल म्हणून आपण लगेच निघतो. पलीकडच्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. त्यानं कुरिअरवाल्याची अपेक्षा धरली आहे आणि दारात विक्रेता स्वतः उभा आहे, त्याला आपलं नाव, नंबर, घर सगळं माहीत आहे. घरात एकटी असलेली बाई घाबरते. हनुमाननगरात एका मुलीनं माझ्यासाठी दार उघडलंच नाही, खिडकीतून म्हणाली, "तुम्हाला माझा पत्ता कोणी दिला?" मी बाई असूनही. तिचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून आधी संदेश. मी व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'क्विक रिप्लाय' करून ठेवला आहे: "नमस्कार. तुमची ऑर्डर मिळाली. आम्ही वडगावातच आहोत, त्यामुळं उद्या संध्याकाळी ५ ते ७ मध्ये मी स्वतः आणून देऊ शकते. चालेल का? की कुरिअरनं पाठवू? की तुम्ही एखाद्या ठिकाणी येऊन घेता?" तीन पर्याय द्यायचे आणि उत्तराची वाट बघायची. हाच संदेश कन्नडमध्ये आणि इंग्रजीतही तयार ठेवा.

तिसरा पर्याय पुष्कळांना आवडतो. घरी कोणी यायला नको असतं किंवा घरच्यांना साडी दिसायला नको असते, हे आपण समजून घ्यायचं. ओळखीचं दुकान, बँकेचं दार, गोवावेस सर्कल, आरपीडी कॉर्नर, अशी माणसांची ये-जा असलेली जागा ठरवा.

५. पत्ता पक्का करून घ्या

बेळगावचा पत्ता लिहिलेला असतो एक आणि सांगितला जातो वेगळाच. लिहिताना सीटीएस नंबर, सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर असं सगळं येतं आणि त्यातला एकही आकडा रस्त्यावरून जाणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही, कारण घरांवर ते क्रमानं नसतात. त्यात शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, त्यामुळं एकाच गिऱ्हाइकाचे दोन पत्ते दोन शहरांचे वाटावेत असे येतात.

नेहमी लागणाऱ्या ठेचा अशा:

खडेबाजार दोन आहेत. एक शहरात, एक शहापुरात. नुसतं "खडेबाजार" लिहून आलं तर विचारल्याशिवाय निघू नका.

मारुती गल्ली तर गावोगावी आहे. शहरात आहे, अनगोळात आहे, आसपासच्या खेड्यांत आहे. लक्ष्मी गल्लीचंही तसंच. गल्लीच्या नावाआधी गावाचं किंवा उपनगराचं नाव विचारायचं.

भाग्यनगरसारख्या वसाहतीत 'क्रॉस'चा, म्हणजे आडव्या रस्त्याचा, आकडा महत्त्वाचा. पाचवा क्रॉस आणि सहावा क्रॉस नकाशावर शेजारी दिसतात, पण चुकीच्या टोकाकडून शिरलात तर पूर्ण वळसा पडतो. "कुठल्या बाजूनं आत येऊ?" हे आधीच विचारा.

लोकेशन मागवलं की लोक असतील तिथून पाठवतात. ऑफिसात बसून पाठवलेलं लोकेशन ऑफिसचं असतं. एका ताईंच्या लोकेशनवर मी उद्यमबागेतल्या कारखान्याच्या गेटापर्यंत गेले, घर त्यांचं शाहूनगरात. आता संदेशातच लिहिते, "घरी असताना लोकेशन पाठवा." तेही नको असेल तर गूगल नकाशावर घरावर बोट दाबून धरलं की अक्षर-आकड्यांचा प्लस कोड दिसतो, तो चालतो.

शेवटी दोन प्रश्न आपल्या पद्धतीनं विचारायचे: जवळचं देऊळ किंवा दुकान कुठलं, आणि गल्लीत तुम्हाला कुठल्या नावानं ओळखतात. खेड्यात दुसऱ्या प्रश्नाशिवाय घर सापडत नाही. येळ्ळूरला एक पाटील शोधायला गेलात तर संध्याकाळ होईल, "पिठाच्या गिरणीसमोरचे" म्हटलं की पोरंसुद्धा दारात नेऊन सोडतात.

हे सगळं एकदा वहीत लिहून ठेवलं की दुसऱ्या ऑर्डरीला काही विचारावं लागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये गिऱ्हाइकाला भागाचं लेबल लावता येतं. माझी लेबलं आहेत: टिळकवाडी-हिंदवाडी, शहापूर-खासबाग, अनगोळ-भाग्यनगर, कॅम्प-हिंडलगा, खेडी.

६. पॅकिंग

कुरिअरसारखे चार थर नकोत, पण पावसाळ्यात पाणी आत जाणार नाही एवढं हवंच. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका. साडी आधी पारदर्शक पिशवीत, मग कागदी किंवा कापडी पिशवीत. पातळ कॅरीबॅग वापरू नका. कर्नाटकात प्लास्टिक पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे आणि दंड होतो. मसाल्याच्या डब्याला झाकणाभोवती टेप लावा. साडी आणि चटणी कधीही एका पिशवीत ठेवू नका, तेलाचा एक डाग पडला तर साडी गेली.

पार्सलवर नाव आणि भाग ठळक, पण फोन नंबर बाहेरून लिहू नका. गिऱ्हाइकाचं नाव मराठीत आणि शक्य झाल्यास कन्नडमध्येही. सोसायटीच्या वॉचमनला, घरच्या म्हाताऱ्या माणसाला वाचता आलं पाहिजे.

७. फेरी आखा आणि खर्च काढा

ऑर्डर आली की गाडी काढली, असं केलंत तर महिनाअखेर पेट्रोलच्या पावत्या बघून वाईट वाटेल. भागानुसार दिवस ठरवा. माझ्याकडं मंगळवार आणि शुक्रवार शहराचे, रविवार सकाळ खेड्यांची. गिऱ्हाइकाला दिवस कळला की ते थांबतात, "शुक्रवारी आणा" असं स्वतःच सांगतात.

हिशेब साधा आहे. माझी स्कूटर लिटरला ४० किलोमीटर देते, पेट्रोल शंभराच्या वर. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपयांच्या पुढं, टायर-ऑइल धरून मी चार रुपये लावते. शहराची एक फेरी १८ किलोमीटर पडते, ७२ रुपये. सहा पार्सलं असतील तर एकाला १२ रुपये. एकच पार्सल असेल तर सगळे ७२ त्याच्यावर. म्हणून शहरात ३० रुपये घेते आणि फेरीत चारपेक्षा कमी पार्सलं असली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबते. आपल्या वेळेचेही पैसे धरा. बायका हे हमखास विसरतात.

शनिवारी बाजाराच्या दिवशी गणपत गल्ली, मारुती गल्लीच्या बाजूला गाडी नेऊ नका. टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट पडलं की किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून गेटाच्या एका बाजूची सगळी पार्सलं आधी संपवायची. गणेश विसर्जन, शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव, आणि इथल्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतानाचे दिवस, या दिवसांत रस्ते बंद असतात किंवा बंदोबस्त असतो. त्या आठवड्यात गिऱ्हाइकाला तारीख देताना जपून द्या.

खानापूर सुमारे २५ किलोमीटर. तिथं स्कूटरवर एका पार्सलासाठी जाणं परवडत नाही. आम्हा बायकांना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये प्रवास फुकट आहे, फक्त कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवून शून्याचं तिकीट घ्यायचं. मी महिन्यातून दोनदा अशी खानापूरला जाते आणि स्टँडजवळच एका ओळखीच्या दुकानात गिऱ्हाइकांना बोलावते. चिकोडी, निपाणीची मोठी पार्सलं राज्य परिवहनच्या 'नम्म कार्गो' या पार्सल सेवेनं पाठवता येतात, ती घ्यायला गिऱ्हाइकाला स्टँडवर यावं लागतं.

हेल्मेट घाला, मागं कोणी बसणार असेल तर त्यालाही. पिशव्या हँडलला लटकवू नका. घरून निघताना घरच्या एका माणसाला लाइव्ह लोकेशन पाठवा. अडचण आलीच तर ११२.

८. दारात

बेल वाजवून दोन पावलं मागं उभं राहा. नाव सांगा, कशाचं पार्सल ते सांगा. घरात बोलावलं तरी आत जाऊ नका, पाणी दिलं तर उंबऱ्याबाहेर उभं राहूनच प्या. आपल्याकडं चहाचा आग्रह होतोच. "पुढं चार घरं आहेत काकू, परत कधीतरी नक्की" असं म्हटलं की कोणी रागावत नाही.

कन्नडची चार वाक्यं आलीच पाहिजेत. आपण मराठी माणसं आपल्या भाषेवर जीव लावतो आणि लावावाच, पण गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर त्याची भाषा बोलण्यानं आपली भाषा कमी होत नाही. "मनि एल्लैत्री?" म्हणजे घर कुठं आहे. "अक्का, निम्म पार्सल तंदीनि री," म्हणजे ताई, तुमचं पार्सल आणलंय. पैशाला 'रोक्क'. मोडकं-तोडकं बोललात तरी समोरचा माणूस हसून मराठीत उत्तर देतो, असं मला कितीदा तरी झालं आहे.

पार्सल तिथंच उघडून दाखवा. साडीचा पदर, काठ, रंग, चटणीच्या डब्याचं झाकण. फोटोत आणि उजेडात रंग थोडा वेगळा दिसतो, ते दारातच बोलून संपतं. इथं साडीवाल्यांसाठी एक सूचना. गिऱ्हाईक म्हणतं, "आलाच आहात तर आणखी दोन दाखवा की." मी आधी चार-पाच साड्या जास्तीच्या न्यायचे. मग एका घरात पाऊण तास जायचा, शेजारणी जमायच्या, पुढची पाच घरं वाट बघत बसायची, आणि कुठली साडी कुणाकडं बघायला ठेवली ते रात्री आठवायचं नाही. आता फक्त ऑर्डरचीच साडी नेते. बाकीच्या बघायला घरी बोलावते किंवा कॅटलॉगची लिंक पाठवते.

घर बंद असेल तर शेजारी ठेवायचं की नाही? गिऱ्हाइकानं लिहून कळवलं असेल तरच. फोनवर तोंडी "ठेवा की शेजारी" म्हटलं तर "तेवढं एक मेसेज टाका" म्हणा आणि मेसेज येईपर्यंत पार्सल हातातून सोडू नका.

९. पैसे

शक्यतो आधी घ्या. पैसे आल्याशिवाय निघायचं नाही असा नियम नव्या गिऱ्हाइकासाठी ठेवला तर फुकटच्या फेऱ्या निम्म्यानं कमी होतात. दारात घ्यायचे असतील तर क्यूआर कोड कार्डावर छापून जवळ ठेवा आणि स्क्रीनशॉट बघून समाधान मानू नका. खोटा स्क्रीनशॉट तयार करणं सोपं आहे, जुनाच दाखवणंही सोपं आहे. आपल्या फोनवर, आपल्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसली की मगच पार्सल द्या. खेड्यात रेंज नसते तेव्हा गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, "मला दिसेपर्यंत थांबते." ओळखीच्या घरी हे म्हणायला जड जातं, पण अडीच हजारांची साडी देऊन नंतर फोन करत बसणं त्याहून जड.

पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितलं तर व्यवहार तिथंच थांबवा.

रोख घेत असाल तर शंभर-पन्नासच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवा.

१०. पुरावा ठेवा

सगळ्यात महाग धडा मला इथं मिळाला. एक पैठणी-काठाची साडी मी सासूबाईंच्या हातात दिली, सुनेनं पंधरा दिवसांनी "मिळालीच नाही" म्हणून कळवलं. घरातल्या घरात काही झालं असेल, मला माहीत नाही. माझ्याकडं ना सही होती, ना फोटो. मी दुसरी साडी दिली. पैशापेक्षा जास्त मनाला लागलं, कारण ते कुटुंब बाजारात भेटतं आणि अजूनही आमच्यात अवघडलेपण आहे. कुरिअरच्या गिऱ्हाइकाशी वाद झाला तर तो फोनवर संपतो, शेजारच्याशी झालेला वाद वर्षानुवर्षं समोर येत राहतो. म्हणून जवळच्या माणसाकडून सही घेणं हा अविश्वास नाही, दोघांनाही त्यामुळं निवांतपणा मिळतो.

माझी आताची पद्धत:

ऑर्डर घेताना प्रत्येकीला चार आकडी खूण देते आणि ती ऑर्डर करणाऱ्याच्याच नंबरावर पाठवते. दारात जो माणूस ती खूण सांगेल त्यालाच पार्सल. सासूबाई असोत की शेजारी, खूण माहीत आहे म्हणजे ऑर्डर करणाऱ्यानं त्यांना सांगितलं आहे. प्लॅटफॉर्मचा स्वतःचा ओटीपी असेल तर तोच वापरायचा.

मग बिलबुकात तारीख, वेळ, वस्तू, रक्कम, घेणाऱ्याचं नाव आणि सही. वरचं पान त्यांना, कार्बनचं आपल्याला.

पार्सलचा दारातला एक फोटो. माणसाचा नाही, फक्त पार्सल आणि दार किंवा उंबरा. हातात पार्सल धरलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो हवा असेल तर विचारून, आणि नाही म्हटलं की विषय संपला. तो फोटो स्टेटसला टाकायचा असेल तर वेगळं विचारायचं.

शेवटी तिथून निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर "पार्सल पोचवलं, बिल क्रमांक अमुक" असा संदेश. ऑर्डर करणाऱ्याकडून "मिळालं" आलं की नोंद पूर्ण. आलं नाही तर संध्याकाळी एक फोन.

हे सगळं मिळून दोन मिनिटं लागतात.

११. परत आलेला माल

सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही तसंच आहे. आणि जवळच्या गिऱ्हाइकाला तर आपलं घर माहीत असतं, ते थेट येऊन उभे राहतात. म्हणून परतीची मुदत आणि अट बिलावरच छापून घ्या. माझी अट: साडी वापरलेली किंवा धुतलेली नको, फॉल-पिको केलेलं नको, सात दिवसांत कळवायचं. विणकामात दोष असेल तर फॉल-पिको झालं असलं तरी घेते, कारण तो दोष माझा. खाण्याचा पदार्थ बदलून देते, पण परत घेतलेला डबा पुन्हा कधीही विकायला ठेवत नाही.

परत आणायला मीच जाते. गिऱ्हाइकाला फेरी पडू देत नाही. तेव्हाही बिलबुकात 'परत घेतलं' असं लिहून सही, आणि पैसे ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं परत. परतीचं पान आणि मूळ बिलाचं पान पिनेनं जोडून ठेवा, वर्षअखेरीला टॅक्सवाला पहिल्यांदा तेच मागतो.